मोहल्ल्यातली वीज आणि मेळघाटचं जंगल

(परतवाडा येथे युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रांनो, बहिणींनो, आजचा विषय आहे वीज वाचवण्याचा आणि जंगल वाचवण्याचा. हे दोन विषय एकत्र का, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसतोय. वीज महावितरणची, जंगल वनखात्याचं. मधे आपण कुठे आलो? आज मला बोलायचं आहे ते या मधल्या जागेबद्दलच.

आपण बसलोय ते परतवाडा म्हणजे मेळघाटचा उंबरठा. चिखलदऱ्याचा घाट इथूनच चढायचा. धारणीला, सेमाडोहला जाणारी गाडी इथूनच सुटते. मेळघाटचं सागवान इथल्याच लाकूड आगारात येतं, लिलावात विकलं जातं आणि इथल्या आरागिरण्यांमधून, सुतारांच्या हातांतून खुर्ची-पलंग होऊन नागपूर-पुण्याला जातं. आपल्यातल्या किती घरांची चूल या लाकडावर पेटली, हे मी तुम्हाला सांगायला नको. सापन, चंद्रभागा, शहानूर या नद्या त्याच डोंगरातून खाली येतात. त्यांच्यावर पायथ्याला धरणं बांधली आहेत. आपल्या शेतातलं, नळातलं पाणी त्या जंगलानं धरून ठेवलेलं आहे.

१९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ जंगलांची निवड झाली. कॉर्बेट, कान्हा, रणथंबोर, सुंदरबन अशी मोठी नावं त्या यादीत आहेत. महाराष्ट्रातलं एकच होतं, आपलं मेळघाट. आज या व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र २,७०० चौरस किलोमीटरहून जास्त आहे. जगभरचे पक्षी-अभ्यासक इथे येतात आणि आपण चिखलदऱ्याला भजी खाऊन परत येतो. भजी खायला माझी हरकत नाही. पण दारातल्या या जंगलाचं आपण काय देणं लागतो, हेही एकदा बसून बघू.

बिलावर न दिसणारा खर्च

महिन्याचं वीजबिल हातात आलं की आपण आकडा बघतो, कपाळाला हात लावतो आणि ठेवून देतो. त्या बिलावर स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, वीज शुल्क असतं. एक खर्च मात्र तिथे छापलेला नसतो. ती वीज तयार होताना जमिनीचं, पाण्याचं आणि जनावरांचं काय झालं, तो खर्च.

आपल्या देशातल्या विजेचा साधारण पाऊण हिस्सा कोळशापासून येतो. वीज केंद्रात एक युनिट तयार करायला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. शिवाय केंद्रातून निघालेली सगळी वीज आपल्या घरी पोचत नाही. देशभराचा हिशेब धरला तर शंभर युनिट निघाली की पंधरा-सतरा वाटेतच जातात. ढोबळ मानानं लक्षात ठेवा, घरात वापरलेल्या एका युनिटमागे कुठेतरी अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळलेला असतो. आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर. जळून झाल्यावर त्याचा साधारण तिसरा हिस्सा राख म्हणून मागे उरतो आणि ती राख कुठेतरी नेऊन टाकावी लागते.

हे 'कुठेतरी' फार लांब नाही. अकोला जिल्ह्यात पारसला औष्णिक वीज केंद्र आहे, २५० मेगावॅटचे दोन संच. अमरावतीजवळ नांदगाव पेठला २७० मेगावॅटचे पाच संच आहेत. त्या नांदगाव पेठच्या केंद्राला अप्पर वर्धा धरणातून पाणी द्यायचं ठरलं, तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले होते. धरण सिंचनासाठी बांधलं, मग पाणी विजेला का, हा त्यांचा सवाल होता. प्रकरण न्यायालयातही गेलं. तेव्हा एसीचं बटण दाबलं की कोळशाबरोबर कोणाच्या तरी वाट्याचं पाणीही खर्च होतं, हे ध्यानात ठेवा.

आता जरा पूर्वेला चला, चंद्रपूरला. तिथलं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं, महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. आजूबाजूला कोळशाच्या खाणी आणि त्यांच्या पलीकडे ताडोबा-अंधारीचं जंगल. खाणीसाठी माती उपसून तिचे डोंगर रचले जातात. त्या डोंगरांवर झुडपं माजतात. वाघ-बिबटे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाताना तिथेच थांबतात, तिथेच पिल्लं वाढवतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या आवारात वाघानं एका कामगाराला मारलं. त्याच सुमारास शेजारच्या दुर्गापूरला बिबट्यानं एका मुलाचा जीव घेतला. बातमी आली तेव्हा सगळे म्हणाले, वाघ माणसाच्या घरात शिरला. पण वाघाचा जायचा-यायचा रस्ता होता तिथे आपण विजेसाठी खड्डा खणला, ही त्या बातमीची आधीची अर्धी बाजू आहे.

तार

वीज तयार करण्याचा भार जसा जंगलावर पडतो, तसा ती वाहून नेणाऱ्या तारेचाही पडतो.

विदर्भातल्या शेतकऱ्याला रानडुकरांचा त्रास किती आहे, हे इथे बसलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना ठाऊक आहे. एका रात्रीत तूर, हरभरा, मका आडवा होतो. मग कोणी तरी वैतागून कुंपणाच्या तारेत थेट खांबावरचा करंट सोडतो. त्या तारेला डुक्कर लागतं, कधी वाघ लागतो, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही लागतो. उमरेड-कऱ्हांडल्याचा 'जय' नावाचा वाघ तुम्ही ऐकला असेल. त्याचा बछडा श्रीनिवास एप्रिल २०१७ मध्ये नागभीडजवळ अशाच तारेनं मेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ब्रह्मपुरीकडून पकडून बोरच्या जंगलात सोडलेली एक वाघीण वर्धा जिल्ह्यात शेताच्या कुंपणाला चिकटून मेली. नुकसानभरपाई वेळेवर मिळाली आणि शॉक देऊन जीव न घेणारं सौर कुंपण परवडलं, तर कोणताही शेतकरी हा जीवघेणा उद्योग करणार नाही. ही मागणी आपण शेतकऱ्याच्या बाजूनं उभं राहून करायला हवी.

दुसरं उदाहरण माळढोकाचं. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य याच पक्ष्यासाठी प्रसिद्ध झालं. आता महाराष्ट्रात माळढोक दिसणं दुर्मीळ झालंय आणि देशातले बहुतेक माळढोक राजस्थानात उरलेत. हा पक्षी वजनदार, समोरचं त्याला नीट दिसत नाही, उडताना तारेसमोर वळता येत नाही. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं थरच्या वाळवंटात अभ्यास केला. सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात वीजवाहिन्यांमुळे वर्षाला अंदाजे ८४ हजार पक्षी मरतात, असं त्यातून निघालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२१ मध्ये न्यायालयानं काही भागातल्या तारा जमिनीखाली न्यायला सांगितल्या, पुढे २०२४ मध्ये त्या आदेशात बदल झाला.

ध्यानात घ्या, त्या तारांपैकी बऱ्याच सौर आणि पवन विजेच्या आहेत. सौरऊर्जा हवीच, कोळशापेक्षा ती कितीतरी बरी. पण तिलाही जमीन लागते, तार लागते. जे युनिट आपण वापरलंच नाही, त्याला खाण लागत नाही, धरणाचं पाणी लागत नाही, माळरान लागत नाही, तारही लागत नाही. म्हणून बचत पहिली आणि सौर दुसरी, हा क्रम मी सांगतो.

चूल आणि रानपिंगळा

ऊर्जा म्हटलं की आपल्याला फक्त वीज आठवते. मेळघाटच्या बाबतीत सरपणही तितकंच मोठं आहे.

रानपिंगळा नावाचं छोटं घुबड आहे. १८७३ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली, १८८४ नंतर ते कोणालाच खात्रीनं दिसलं नाही. संपलं असं धरून चालले होते. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळच्या जंगलात सापडलं. मग शोध सुरू झाला आणि त्याची सर्वांत चांगली वस्ती कुठे निघाली? आपल्या मेळघाटात. हा पक्षी राहतो जुन्या झाडाच्या ढोलीत. सरपणाला आपण काय तोडतो? 'वाळकंच तर आहे' म्हणून ढोली असलेलं तेच जुनं झाड.

डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईला दोष देऊ नका. तिच्या घरात संध्याकाळची भाकर त्या मोळीवर होते. चुलीचा धूर तिच्याच फुप्फुसात जातो आणि अस्वल समोर आलं तर तिच्याच समोर येतं. महाराष्ट्र सरकारनं २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना सुरू केली. व्याघ्र प्रकल्पांच्या आजूबाजूच्या गावांना गॅस जोडणीसाठी ७५ टक्के अनुदान त्यात ठेवलं. शेगडी घरात आली, पण सिलिंडर भरायला पैसे नसले की शेगडी कोपऱ्यात जाते आणि बाई पुन्हा रानात जाते.

आता आपल्याकडे बघू. शहरात येणारी मोळी विकत कोण घेतं? हॉटेलची भट्टी घेते. लग्नाच्या देगेखालचं लाकूड आपण घेतो. हजार माणसांच्या वलीम्याला किती लाकूड जळतं, ते बावर्चीला विचारा. तो मणांत सांगेल. गॅसच्या मोठ्या शेगडीवर देग शिजते, अनेक बावर्ची ती आणतातही. ज्यांना लाकडाचीच चव हवी, त्यांनी शेताच्या बांधावरची बाभूळ, सुबाभूळ घ्यावी. जंगलातून आलेली मोळी देगेखाली जायला नको, एवढं तर आपल्या हातात आहे.

बचत कोणी करायची?

वीज बचतीच्या भाषणात सहसा एक गोष्ट सुटते. सगळ्यांना एकच उपदेश केला जातो आणि तो अन्याय आहे.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मेळघाटातल्या रंगुबेली आणि आजूबाजूच्या काही गावांनी मतदानावर बहिष्कार टाकला. मागणी काय होती? पाणी, वीज, रस्ता. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षं झाली आणि कोरकू माणूस अजून बल्ब मागतोय. त्याला जाऊन आपण सांगायचं, भाऊ, वीज वाचव?

त्याच कोरकू गावांनी वाघासाठी घरं सोडली आहेत. कोहा, कुंड, बोरी या गावांपासून सुरुवात झाली. वाघाच्या गाभा क्षेत्रातली गावं उठवून खाली अकोटच्या बाजूला वसवली गेली. त्या पुनर्वसनाबद्दल अनेकांच्या तक्रारी आहेत. जानेवारी २०१९ मध्ये काही पुनर्वसित कुटुंबं जंगलात परत गेली आणि वनखात्याशी मोठा संघर्ष झाला. कोण बरोबर, कोण चूक हा वेगळ्या सभेचा विषय आहे. मी एवढंच म्हणतो, जंगल वाचवण्याची किंमत ज्यांनी दिली त्यांच्याकडे गाव होतं, ते त्यांनी दिलं. आपल्याकडे एसीचा रिमोट आहे.

म्हणून बचतीची सुरुवात वरून व्हायला हवी. ज्या घरात दोन एसी आहेत त्यांनी आधी. ज्या मंगल कार्यालयात दुपारी बारा वाजता झुंबरं पेटतात त्यांनी आधी. एका पंख्याखाली सात जण झोपणाऱ्या घरानं पंखा बंद करायची काही गरज नाही. आपण वाचवलेली वीज उद्या आपोआप रंगुबेलीला जाईल, असं खोटं मी सांगणार नाही. त्यासाठी सरकारकडे वेगळं भांडावं लागेल. आपल्याला वापर कमी करायचा आहे आणि त्यांच्या घरात दिवा लागावा म्हणून आवाजही उठवायचा आहे. दोन्ही कामं सोबत.

इस्राफ

आपल्यासाठी हा विषय नवा नाही. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्याकडे गुन्ह्यात मोजली आहे. खाण्यापिण्याचीही उधळपट्टी करू नका, अशी कुरआनची ताकीद आहे. जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी यांनाही तुमच्यासारख्याच उम्मती म्हटलेलं आहे. बुखारी शरीफमध्ये झोपताना दिवे विझवायची सूचना आहे. तिथलं कारण आगीचं आहे, उंदीर वात ओढून नेईल आणि घर पेटेल असं. पण सवय तीच. निजण्याआधी घरातला प्रत्येक दिवा बघायचा.

वजूचं पाणी घ्या. पैगंबर साहेब एका मुद्द पाण्यात वजू करत, असं हदीसमध्ये येतं. मुद्द म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर. आपली तोटी पूर्ण उघडली की मिनिटाला सहज आठ-दहा लिटर पाणी जातं. ते पाणी बोअरमधून मोटारीनं वर आलेलं असतं, मोटार विजेवर चालते, आणि अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्याच्या पट्ट्यात बोअर दरवर्षी खोल चाललेत. तोटी अर्धी फिरवली तर पाणीही वाचतं, वीजही वाचते, सुन्नतही होते.

करायचं काय?

आता कामाचं बोलू. आकडे मी साधे ठेवतो, घरी जाऊन ताडून बघा.

पहिलं, पंखा. जुना पंखा ७५ वॅट घेतो. नवा, ज्याला दुकानदार बीएलडीसी म्हणतात, तो साधारण ३० वॅट. हवा तेवढीच. समजा एका मशिदीत ३० पंखे आहेत आणि नमाजांच्या वेळा धरून दिवसाला पाच तास चालतात. पंखे बदलले तर महिन्याला सुमारे २०० युनिट वाचतात. म्हणजे शंभर-सव्वाशे किलो कोळसा, एका मशिदीत, एका महिन्यात. सगळे एकदम बदलायला पैसे नसतील तर जो बिघडेल तो दुरुस्त न करता बदला. वर्गणी देणाऱ्याला सांगा, संगमरवरी पाटीऐवजी यंदा पाच पंखे द्या. सवाब कमी होणार नाही.

दुसरं, कूलर. आपला वऱ्हाड कोरडा आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पण हवेत दमटपणा नसतो, म्हणून इथे कूलर झकास चालतो. मुंबईत तो निकामी आहे. कूलर दीडशे-दोनशे वॅट घेतो, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास. मुंबईच्या नातेवाइकांकडे बघून आपण एसी घ्यायला निघालो आहोत. एप्रिल-मे तर कूलरवर निघतो. एसी घेतलाच असेल तर २४ च्या खाली नेऊ नका. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. वीस अंशांवर लावून रजई घेणारे महाभाग आपल्यात आहेत. त्यांनी सव्वीस करावं, तिसरा हिस्सा वाचेल, रजईही वाचेल.

तिसरं, छत. अचलपूरची जुनी घरं आठवा. जाड भिंती, उंच छत, मधे चौक. आता स्लॅब आणि टिन. मार्चमध्ये स्लॅबला पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारा. खर्च किरकोळ, खोली नक्की थंड राहते. मोहल्ल्यातली पोरं मिळून एका रविवारात चार छतं रंगवू शकतात. सुरुवात विधवा बाईच्या, म्हाताऱ्या माणसाच्या घरापासून करा.

चौथं, रोषणाई. मीलाद असो, उर्स असो, लग्न असो. दिवे लावा, आनंद करा. एलईडी माळा लावा आणि रात्री अकराला बंद करा. खांबावर आकडा टाकून रोषणाई करणं हा कायद्यानं गुन्हा आहे आणि चोरीच्या उजेडात कसला जश्न? आपण हे करू लागलो तर शेजारच्या गणपती मंडळाला, दुर्गा मंडळालाही सांगता येईल. सांगायचं चहा घेऊन, बोट दाखवून नाही. या जुळ्या शहराचं नाव बाहेर कोणत्या बातम्यांमुळे जातं, हे तुम्ही जाणता. एखादं वर्ष दोन्ही मंडळांनी मिळून वीज वाचवली, अशी बातमी जाऊ द्या.

पाचवं, गरम पाणी आणि सौर वीज. थंडीत वजूसाठी पाणी तापवायला छतावर सौर बंब बसवा. घरावर सौर पॅनल बसवायला केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, २०२४ पासून. एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतं. पण आधी पंखे बदला, मग पॅनल. वापर कमी असेल तर लहान पॅनल पुरतं.

"आमच्या एका बल्बानं काय होते भाऊ?"

हा प्रश्न येणार, आणि तो खोटा नाही. परतवाड्याच्या एका मोहल्ल्यानं दोनशे युनिट वाचवली म्हणून चंद्रपूरची खाण बंद होत नाही. कारखाने, मोठी शहरं, तारांमधली गळती यांच्यापुढे आपलं घर छोटं आहे. मग करायचं कशाला?

ताडोबाच्या दारात लोहारा इथे कोळशाची खाण येणार होती. चंद्रपूरच्या लोकांनी विरोध केला. 'इको-प्रो'चे बंडू धोतरे २००९ मध्ये उपोषणाला बसले. शेवटी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं त्या खाणीचा रस्ता बंद केला. २०२० मध्ये ताडोबाजवळचाच बांदर कोळसा पट्टा लिलावाच्या यादीत आला. पुन्हा विरोध झाला आणि तो यादीतून काढावा लागला. म्हणजे खाण थांबते. माणसं थांबवतात. पण दर वेळी समोरून एकच उत्तर येतं, 'तुम्हालाच वीज पाहिजे ना?' या प्रश्नासमोर ताठ मानेनं उभं राहायचं असेल तर आपल्या मशिदीचं, आपल्या घराचं, आपल्या लग्नाचं बिल हातात धरून सांगता आलं पाहिजे की आम्ही आमचा वापर इतका कमी केला, आता तुमचं सांगा.

आणि हे 'तुमचं सांगा' नगर परिषदेलाही विचारायचं आहे. अचलपूर नगर परिषदेत आपलं परतवाडाही येतं. दिवसा जळणारे रस्त्यावरचे दिवे किती? पाणीपुरवठ्याच्या मोटारींवर महिन्याला किती वीज जाते? फुटलेल्या जलवाहिनीतून वाहणारं पाणी उपसायला किती युनिट गेली? माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज लागतो. इथे बसलेल्यांत वकिलीचे विद्यार्थी आहेत. त्यांनी हे काम उचलावं.

माझी विनंती छोटी आहे. प्रत्येक मोहल्ल्यातून पाच जणांचा गट करा, त्यात दोन मुली हव्यातच, कारण घरातली वीज कुठे जाते हे त्यांना जास्त कळतं. एक वही घ्या. मशिदीचं, मदरशाचं आणि पंधरा-वीस घरांचं मागच्या वर्षाचं बिल महिन्यावार लिहून काढा. युनिट लिहा, रुपये नको, कारण दर बदलतात. मग येणाऱ्या मार्चपासून जूनपर्यंत त्याच महिन्यांची युनिटं शेजारच्या रकान्यात लिहीत जा. जुम्याच्या दिवशी तो कागद मशिदीच्या दाराशी लावा. जूनच्या शेवटी आपण पुन्हा बसू. वाचलेल्या पैशातून काय करायचं, हे तेव्हा ठरवा. माझी सूचना अशी की त्यातला काही भाग मेळघाटातल्या एखाद्या गावातल्या बायांचे सिलिंडर भरायला द्यावा. ती बाई रानात कमी गेली, तर एखादी ढोली शिल्लक राहील.

वहीसाठी नावं आजच द्या. कागद इथे टेबलावर ठेवला आहे.